सदाफुलीचे सर

सरांविषयी लिहायचं तर एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, म्हणजे लिहिणारा कोण आहे ते वाचणाऱ्याला कळेल. सरांचं कित्येक वर्षांचं काम माझ्या एका वाक्यानं मोडलं. वाक्य खरं होतं. त्यामुळं ज्यांना ज्यांना मी हे सांगितलं ते म्हणाले, मग तुझी काय चूक? मीही बरीच वर्षं स्वतःला हेच म्हणत आलो. आता केस पांढरे झाले, मी स्वतः विद्यार्थ्यांना शिकवतो, बीड बायपासला माझा फ्लॅट आहे, आणि तरी सरांची आठवण आली की मला धड जेवण जात नाही.

सर औषधनिर्माणशास्त्राच्या कॉलेजात आम्हाला शिकवायचे. उंचीनं बेताचे, हाताची नखं कायम निळी. हा निळा रंग उंदरांच्या प्रयोगातला. तो साबणानं जात नाही, आणि सर तो घालवायचा प्रयत्नही करत नसत. गुलमंडीवर भाजी घ्यायला गेले की बाया त्यांच्या बोटांकडे बघायच्या. नखांपेक्षा विचित्र होता त्यांचा डावा हात. कोपरापासून मनगटापर्यंत पेनानं चौकोन आखलेले. काही चौकोनांवर सदाफुलीच्या मुळांचा अर्क लावलेला, काही कोरे. दर तासाभरानं ते पेनच्या टोपणानं एकेका चौकोनात ओरखडा काढायचे आणि लाली कशी पसरते ते बघत बसायचे. बसमध्ये, लग्नात, स्टाफ मीटिंगमध्ये, कुठंही.

एकदा सिटी बसच्या कंडक्टरनं विचारलं, "साहेब, हे काय गोंदून घेतलंय?"

"शेत हाय," सर म्हणाले. "ह्याच्यात पेरलंय, ह्याच्यात नाय पेरलं. बघू काय उगवतं."

पहिल्या वर्षाच्या पहिल्याच तासाला ते एखाद्या मुलाचा हात पुढं घेत आणि त्याच्यावर टोपणानं रेघ ओढत. रेघ लाल व्हायची, मग तिच्या आजूबाजूलाही लाली पसरायची. सर म्हणायचे, "मी रेघ ओढली इथं. मग ही शेजारची कातडी का लाल झाली? तिला कोणी हात लावला?" मग स्वतःच सांगायचे, "नस. नसेला वाटतं आपण फक्त मेंदूला निरोप द्यावा, पण तिला राहवत नाही. वाटेतच फाटा फुटतो, अन ती शेजारीपाजारी सांगत सुटते, की बाबांनो, घात झाला, घात झाला. मग तिथल्या रक्तवाहिन्या फुगतात, गळायला लागतात, अन सूज येते. जखम एवढीशी. सूज बघा केवढी."

नसेमुळं येणारी ही सूज हा त्यांचा विषय होता, आणि सदाफुली हे त्यांचं औषध. सदाफुलीच्या मुळांत एक कडू द्रव्य असतं. ते रक्तवाहिन्या सैल करतं. रक्तदाबासाठी त्याचा उपयोग माहीत होता. पण सूज आलेल्या जागी रक्तवाहिन्या आणखी सैल केल्या तर सूज वाढेल, असं कुणीही म्हणेल. सगळे तेच म्हणायचे. सरांचं म्हणणं उलटं होतं. त्यांना वाटायचं, हे द्रव्य रक्तवाहिन्यांच्या आधी नसेलाच गप्प करतं. हातावरच्या चौकोनांत त्यांना तसं दिसलं होतं, किंवा दिसल्यासारखं वाटलं होतं. "माझ्या हातावर माझा भरवसा नाय," ते म्हणायचे. "माझा हात माझ्या बाजूचा हाय."

म्हणून उंदीर. कॉलेजच्या मागं, बोअरच्या शेजारी, सरांनी सदाफुलीचा एक मोठा वाफा लावला होता, आणि त्याच्या पलीकडच्या पत्र्याच्या खोलीत पांढऱ्या उंदरांचे पिंजरे होते. उंदराला गुंगी द्यायची, मांडीतली नस उघडी करायची आणि तिला विजेचा हलका झटका द्यायचा. शेपटीच्या शिरेतून आधीच निळा रंग सोडलेला असायचा. झटका बसला की रक्तवाहिन्या गळायच्या आणि त्या पायाचा पंजा निळा पडायचा. पंजा जितका निळा तितकी सूज जास्त. शेवटी उंदीर मारावा लागायचा. प्रत्येक उंदराला सर "माफ कर बाबा" म्हणायचे. आम्हा विद्यार्थ्यांनाही ते "बाबा"च म्हणायचे, त्यामुळं पहिल्यांदा ते ऐकलं तेव्हा मी "काय झालं सर?" म्हणून पुढं झालो होतो.

सरांचा सगळ्यात मोठा विक्षिप्तपणा मात्र वेगळाच होता. मोजणाऱ्याला आधी काही कळता कामा नये, हा आमच्या शास्त्रातला नियम आहे. कोणत्या उंदराला औषध दिलं आणि कोणत्याला नाही हे मोजणाऱ्याला ठाऊक असलं, की त्याचा डोळा हवं ते बघतो. हे सगळेच शिकवतात. सर तसे जगायचे. पेपर तपासताना नावाचा कोपरा दुमडून शिवून टाकलेला असायचा, टाचणीनं नव्हे, सुईदोऱ्यानं. नवा सिनेमा कसा आहे हे कुणी सांगायला लागलं की ते कानावर हात ठेवून व्हरांड्यात निघून जायचे. घरी जेवायला बसले की काकूंनी भाजी कसली ते सांगायचं नाही, सरांनी चव घेऊन ओळखायचं.

काकू, म्हणजे सरांच्या बायको, एकदा मला ताट वाढताना म्हणाल्या, "लग्नाला इतकी वर्षं झाली, अजून ह्यांना दोडकं कोणतं अन गिलकं कोणतं कळत नाही. अन म्हणे शास्त्रज्ञ."

"दोडकं," सर घास चावत म्हणाले.

"दुधी भोपळा आहे," काकू म्हणाल्या.

ह्या सगळ्याला मीही हसायचो. एका तोंडी परीक्षेनंतर हसणं थांबलं. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी एका मुलीला पूर्ण नाव विचारलं. सर एकदम म्हणाले, "नंबर सांग बाबा. नुसता नंबर." परीक्षक चमकले. संध्याकाळी कॅन्टीनमध्ये मी सरांना विचारलं, तेव्हा ते चहात बिस्कीट बुडवत होते. सर वैजापूर तालुक्यातल्या एका खेड्यातून आलेले. वडलांनी बाबासाहेबांच्या मागोमाग धम्म घेतलेला, घरातले शिकलेले हेच पहिले.

"माझ्या तोंडी परीक्षेत मला विचारलं होतं," ते म्हणाले. "मी आडनाव सांगितलं. अन त्यानंतरचे प्रश्न सोपे झाले. एकदम सोपे, पोराटोरांना विचारावे तसले. अवघड झाले असते तर भांडलो असतो. सोप्याचं काय करता?"

माझं आडनाव काय, हे त्यांनी मला कधी विचारलं नाही. आमच्या घराण्यात तीन पिढ्या कचेरीतली कारकुनी. आडनाव सांगून कोणाचेही डोळे बदलतील अशी भीती मला कधी वाटली नव्हती, आणि तशी भीती कुणाला बाळगावी लागते हेही तोवर कळलं नव्हतं.

मी सरांकडं पीएच.डी.ला लागलो ते वर्ष दुष्काळाचं. त्याच्या आधीचंही तसंच गेलं होतं. जायकवाडीचं पाणी तळाला गेलेलं, शहरात नळाला आठवड्यातून एकदा पाणी, आणि दुसरीकडं शहर असं वाढत होतं की जणू पाण्याची कुणाला गरजच नाही. शेंद्र्याकडं, बिडकीनकडं कारखान्यांसाठी जमिनी मोजल्या जात होत्या. सातारा परिसरात इमारती उभ्या राहत होत्या आणि त्यांच्या पायथ्याशी टँकरच्या रांगा. कॉलेजची बोअर आटली. सदाफुलीचं मात्र काही अडलं नाही. सगळं वाळलं तरी तो वाफा गुलाबी-पांढरा फुललेला. येणारे जाणारे म्हणायचे, सर तुमच्या वाफ्याला कुठून हो पाणी? सर म्हणायचे, "तिला सांगितलंच नाय दुष्काळ हाय म्हणून."

उंदरांच्या पाण्यासाठी सरांनी स्वतःच्या पगारातून छोटा टँकर लावला होता. टँकरवाला पहिल्या दिवशी पिंजऱ्यांकडं बघत उभा राहिला.

"साब, ये पानी चूहों के वास्ते है?"

"हौ," सर म्हणाले.

"यहाँ आदमी को नै मिल रा, और आपके चूहे टँकर का पी रे." तो पाइप सोडत पुटपुटला, "अगले जनम में चूहा बना दे अल्ला, मगर इन्हीं साब के पास."

सर खूप हसले. त्या उन्हाळ्यातलं त्यांचं तेवढंच हसणं मला आठवतं. पाणी पुरवून वापरावं लागत असल्यानं खोलीतला कूलर बंद होता, पत्र्याखाली भट्टी पेटल्यासारखं व्हायचं आणि उंदीर अंग टाकून पडलेले असायचे.

औषध द्यायची सरांची पद्धत इतरांपेक्षा वेगळी होती. बाकीचे रोज सुईनं टोचतात. सर म्हणायचे, महिनाभर रोज सुई टोचली तर त्या सुईनंच नसा चिडतील, मग आपण मोजणार काय, सुईची सूज? म्हणून औषध पिण्याच्या पाण्यात. लाल टोपणाच्या बाटल्या आणि हिरव्या टोपणाच्या बाटल्या. कोणत्या रंगात औषध आहे ते फक्त मला ठाऊक. बाटल्या मी भरायच्या, मीच लावायच्या. मोजणी सरांची. मोजणी पूर्ण होईपर्यंत मी त्यांना एक शब्द सांगायचा नाही, आणि त्यांनी विचारायचा नाही.

आता ज्याच्यावर सगळं उभं आहे ते सांगतो. औषध कडू होतं. लाल टोपणाच्या बाटल्या मी काढायचो तेव्हा त्या जड लागायच्या. ते उंदीर पाणी कमी पीत होते. एरवीच्या वर्षी, गार खोलीत, त्यानं कदाचित फार फरक पडला नसता. त्या उन्हाळ्यात मात्र ते उंदीर वाळत होते. वजनं सगळ्यांचीच उतरली होती, म्हणून त्यांची थोडी जास्त उतरलेली कुणाच्या डोळ्यांत भरली नाहीत. आणि अंगात पाणीच कमी असलं तर रक्तवाहिन्यांतून गळणार काय? पंजा कमीच निळा होणार. औषध असो नसो.

हे मला तेव्हा पूर्ण समजलं होतं का? इतकी वर्षं मी हाच प्रश्न स्वतःला विचारतो. बाटल्या जड लागतात एवढं कळत होतं. त्याचा अर्थ लावायला मी बसलो नाही. मोजणी संपेपर्यंत बोलायचं नाही हा नियमच आहे, असं म्हणून गप्प राहणं सोपं होतं.

मोजणी संपली. मी सरांना रंग सांगितले. सरांनी आकडे दोन बाजूंना मांडले आणि खुर्चीत मागं टेकले. लाल टोपणाच्या उंदरांची सूज जवळजवळ निम्मी होती. त्यांना जे आयुष्यभर वाटत होतं तेच समोर मांडलेलं होतं. ते उठले, खिडकीशी गेले, वाफ्याकडं बघत राहिले. मग वळून त्यांनी मला विचारलं, "काही सांगायचं राहिलंय का बाबा?"

"नाही सर," मी म्हणालो.

"आठवून बघ."

"नाही सर. काही नाही."

ह्यात माझी डॉक्टरेट होती. वडील निवृत्तीला आलेले, धाकट्या बहिणीचं लग्न ठरत होतं. पण ही कारणं मी नंतर जमवली. त्या क्षणी मला फक्त एवढंच वाटलं होतं, की हे किती सुंदर आलंय, ह्याला हात लावू नये.

मग सगळं भराभर झालं. सरांचा लेख एका चांगल्या नियतकालिकानं स्वीकारला. वाळूजकडच्या एका औषध कंपनीची माणसं येणार म्हणून कळलं. प्राचार्यांना अचानक सरांबद्दल फार आदर वाटायला लागला. कॉलेजच्या मागच्या जागेवर नवी इमारत येणार होती. त्यात सरांची प्रयोगशाळा असेल आणि सदाफुलीचा वाफा तसाच ठेवू, असं ते म्हणाले. कंपनीची माणसं आली त्या दिवशी सरांनी नवा शर्ट घातला होता. घडीच्या रेषा तशाच होत्या त्याच्यावर.

कंपनीकडून तिघं आले होते. सर फळ्यासमोर उभे राहून बोलत होते. त्यांच्या आवाजात मी कधी न ऐकलेला मोकळेपणा होता. बोलणं संपलं. तिघांतले एक वयस्कर गृहस्थ, फार सभ्य, त्यांनी माझ्याकडं वळून विचारलं, "बाटल्या तुम्ही भरत होता ना? दोन्हीकडचे उंदीर पाणी सारखंच प्यायचे?"

अगदी साधा प्रश्न. मी खोलीभर पाहिलं. प्राचार्य, कंपनीची माणसं, फळ्याशी सर. मी म्हणालो, "नाही. औषधाचं पाणी ते खूप कमी प्यायचे. बाटल्या भरलेल्याच राहायच्या."

जे एकांतात विचारल्यावर लपवलं, ते चार लोकांत विचारल्यावर लगेच सांगून टाकलं. लोकांसमोर खोटं बोलायचा धीर मला नव्हता. एकट्या सरांसमोर मात्र होता. माझ्या खरेपणाची किंमत एवढीच.

सरांनी हातातला खडू खाली ठेवला. माझ्याकडं बघितलंही नाही. त्या गृहस्थांना म्हणाले, "बरोबर विचारलंत. म्हणजे ती तहानही असू शकते. बघायला पाहिजे." मग प्राचार्यांना म्हणाले, "चहा सांगा ना साहेब. माणसं लांबून आली आहेत."

सगळे गेल्यावर मी थांबलो. वाटलं, ओरडतील. त्यांनी डस्टर घेतला आणि फळा पुसायला लागले, वरपासून खालपर्यंत, सावकाश. मी म्हणालो, "सर, मी आधीच..."

"उद्यापासून नवे उंदीर घेऊ," ते म्हणाले. "औषध नाय. साधं पाणी. पण अर्ध्यांना लाल बाटलीवाले पीत होते तेवढंच द्यायचं. त्याच्यापेक्षा जास्त नाय."

ते काम आम्ही केलं. एकमेकांशी कामापुरतंच बोललो. औषध नसलेल्या, नुसत्या तहानलेल्या उंदरांचे पंजे तसेच फिके निघाले, अगदी औषधवाल्यांसारखे. सर शेवटच्या उंदराच्या पिंजऱ्यासमोर बराच वेळ उभे होते. त्या उंदराला ते "माफ कर बाबा" म्हणाले की नाही, मला आठवत नाही. मी दुसरीकडं बघत होतो.

सरांनी लेख मागं घेतला. प्राचार्य त्यांना समजावत होते, की छापून येऊ द्या, पुढच्या लेखात दुरुस्ती घाला, सगळेच तसं करतात. सर म्हणाले, "सगळ्यांनी केलं म्हणून उंदीर पाणी पिणार हायत का?" प्राचार्यांचा आदर गेला तसा वाफाही गेला. नव्या इमारतीच्या पार्किंगसाठी तिथं फरशी टाकली. मजूर सदाफुलीची रोपं उपटून कडेला टाकत होते आणि सर वर्गात शिकवत होते. मुलं खिडकीतून बघत होती, सर बघत नव्हते. एका मुलानं म्हटलं, "सर, तुमची झाडं..." सर म्हणाले, "पुढं लिहून घ्या."

मी मार्गदर्शक बदलला. गोळी पोटात किती वेळात विरघळते ह्यावर पदवी घेतली. चांगला विषय होता, कुणालाही तहान लागत नव्हती. सरांनी माझ्या अर्जावर लगेच सही केली आणि वर म्हणाले, "चांगला मार्गदर्शक निवडलास." टोमणा असता तर बरं झालं असतं. तो टोमणा नव्हता.

त्यानंतर सर दोनदा भेटले. एकदा पैठण गेटपाशी. डावा हात कोरा होता, चौकोन नव्हते. नखंही माणसांसारखी. "पाणी येतं का तुमच्याकडं?" त्यांनी विचारलं. आपल्याकडं सगळेच हे विचारतात. मी म्हणालो, "टँकर येतो सर." दुसऱ्यांदा एका लग्नात, लांबून. मी खांबाआड झालो. एवढं मी केलं हे लिहितानाही लाज वाटते.

सर गेले ते मला चार दिवसांनी कळलं. पुण्यानुमोदनाला गेलो. हॉलमध्ये पांढऱ्या कपड्यांतली माणसं, समोर सरांचा फोटो, त्यांचे कितीतरी विद्यार्थी. वंदना झाली, तीन-चार जण बोलले. कुणी सदाफुलीचं नाव काढलं नाही, बहुतेकांना ते ठाऊकही नसावं. मी मागच्या मागं निघणार होतो, तेवढ्यात काकूंनी मला ओळखलं. फार थकल्या होत्या.

"या, बसा," त्या म्हणाल्या, आणि शेजारच्या खुर्चीवर हात ठेवला. "तुम्ही याल का नाही वाटत होतं."

मी बसलो. म्हणालो, "काकू, सरांना माझ्यामुळं फार..."

"छे हो. तुमच्यावर राग नव्हता त्यांचा." त्या माझ्याकडं वळल्या. "तुम्हाला सांगते. त्या उन्हाळ्यात रोज घरी यायचे अन म्हणायचे, एका बाजूच्या बाटल्या भरलेल्या दिसतात. बघायचं नसतं, पण दिसतात म्हणे. मी म्हटलं, मग विचारा की त्या पोराला. तर म्हणाले, मी विचारलं तर मला पाहिजे तेच तो सांगंल. त्याला आपणहून सांगू दे. तो सांगंल."

मी समोरच्या फोटोकडं बघितलं.

"त्यांनाबी वाटायचं ना, खरं असावं म्हणून," काकू म्हणाल्या. "एवढी वर्षं घातली होती. त्यांनाही विचारायचा धीर होईना. मी रोज संध्याकाळी विचारायची, सांगितलं का त्यानं? तर नुसती मान हलवायचे. अन मग एक दिवस आले, तो नवा शर्ट होता अंगात. दारातच म्हणाले, सांगितलं त्यानं. जेवले नाहीत त्या दिवशी. मी म्हटलं, कसं सांगितलं, कुणाच्या पुढं? तर म्हणाले, कुणाच्या नाही. आम्ही दोघंच होतो प्रयोगशाळेत. माझ्याजवळ येऊन सांगितलं."

पुढच्या रांगेतली दोन-तीन माणसं वळून आमच्याकडं बघायला लागली होती.

"तुम्ही चारचौघांत नाही बोललात, एकट्यात बोललात, ह्याचं त्यांना लई कौतुक होतं," काकू म्हणाल्या. त्यांनी माझा हात हातात घेतला. "शेवटपर्यंत सांगायचे. म्हणायचे, त्या पोरानं माझा मान राखला."

मी त्यांच्याकडं बघत राहिलो. त्या वाट बघत होत्या, मी काहीतरी म्हणेन म्हणून. मी काहीच म्हणालो नाही.